‘करता येईल’चं प्रकरण: नागपूर करार आणि कलम ३७१(२)

लग्नाच्या बैठकीतून उठताना वरपक्षाने ‘कळवतो’ म्हटलं की मुलीचा बाप काय ते समजून घेतो. होकार नसतो, नकारही दिलेला नसतो, आणि पुन्हा विचारायला गेलं तर आपलीच शोभा होते. विदर्भाला भारताच्या संविधानात, कलम ३७१(२) मध्ये, असंच एक ‘कळवतो’ मिळालं, १९५६ साली. उत्तर यायला सदतीस वर्षं लागली.

मी नागपुरात कायद्याच्या मुलांना संविधान शिकवतो. घटनादुरुस्तीचा धडा बहुतेक ठिकाणी केशवानंद भारती खटल्यापासून, म्हणजे संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही या निकालापासून, सुरू होतो. मी या प्रकरणापासून करतो. माझ्या वर्गात यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीकडची मुलं बरीच असतात आणि ‘अनुशेष’, म्हणजे विकासातली साचलेली तूट, हा शब्द त्यांनी शाळेत जायच्या आधीपासून घरात ऐकलेला असतो. मूलभूत चौकट त्यांना समजावून सांगावी लागते, हे नाही. फक्त त्यांना वाटतं त्यापेक्षा ते जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि गोडी तिथेच आहे.

करार झाला तो दिवस

मराठी मुलखाचं एकच राज्य कोणत्या अटींवर करायचं, हे ठरवणारा नागपूर करार झाला ती तारीख २८ सप्टेंबर १९५३. संविधान लागू होऊन चार वर्षंही पुरती झाली नव्हती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्याआधी १८६१ पासून ते मध्य प्रांताची राजधानी होतं, १९०३ मध्ये त्या प्रांताला वऱ्हाड जोडलं गेलं. १९३६ पासून शहराला स्वतःचं उच्च न्यायालय होतं. विधिमंडळ, सचिवालय, मंत्र्यांचे बंगले, सगळं सिव्हिल लाइन्समध्ये. मराठी माणसांचं एकच राज्य व्हायचं तर हे सगळं सोडून मुंबईला दुसऱ्या नंबरवर जाऊन बसायचं होतं. तेव्हा जायचं तर अटी घालूनच जावं, असा विचार होणं साहजिक होतं.

सह्या केल्या त्या तिन्ही भागांतल्या पुढाऱ्यांनी. पश्चिम महाराष्ट्राकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि इतर. महाविदर्भाकडून रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आणि इतर. मराठवाड्याकडून देवीसिंह चौहान आणि सहकारी. कलमं अकरा. त्यातल्या चार गोष्टी इथे लागतील. एक, एकाच सरकारच्या गरजा सांभाळून तिन्ही भागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाडा जास्त मागे असल्याने त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावं, आणि या सगळ्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा. दोन, सरकारी नोकऱ्यांतही लोकसंख्येचंच प्रमाण. तीन, उच्च न्यायालयाचं मुख्य ठाणं मुंबईला आणि दुसरं नागपूरला. चार, सरकारने दरवर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे घ्यावं.

हा करार कोणाकोणात झाला? सरकारांत नव्हे. ज्या राज्याला तो बांधणार होता, ते राज्यच तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. बारशाच्या आधी पाळण्याशी केलेला करार म्हणा. त्यामुळे तो कोर्टात दाखवून काही मागता येईल अशी स्थिती पहिल्या दिवसापासून नव्हती. सह्या करणारे सगळे जाणते होते, काही तर कायदा कोळून प्यायलेले. या वचनांना पुढे कायद्यात जागा करून द्यावी लागेल, हे त्यांना ठाऊक असणार.

मधली तीन वर्षं

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. ३० सप्टेंबर १९५५ ला त्याचा अहवाल आला आणि त्याने कराराच्या मूळ कल्पनेलाच बगल दिली: आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली. मुंबई शहराचं एक, आणि पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र. १९४८ मध्ये भाषावार प्रांतांचा विचार करणाऱ्या धर आयोगापुढे त्यांनीच एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली होती. मत का बदललं, हा वेगळ्या लेखाचा विषय. वर्गात मात्र मी एवढं नक्की सांगतो की ज्यांच्या नावाने आज दोन्ही बाजू शपथा घेतात, त्यांची या विषयावर दोन मतं नोंदलेली आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक दिलेली आहेत.

केंद्राने आयोगाचं ऐकलं नाही. आधी मुंबई वेगळी ठेवण्याचं सूत्र आलं, त्यावर आंदोलन पेटलं, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ सगळं एकत्र करून द्विभाषिक मुंबई राज्याचा निर्णय केला. नागपूरला कोणी विचारलं नाही, असं इथे अजून म्हटलं जातं. कायद्याने विचारणं बंधनकारकही नव्हतं: कलम ३ प्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचं फक्त मत मागवायचं असतं, त्याची संमती लागत नाही, आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. संविधानाने राज्यांच्या सीमा मुद्दामच पेन्सिलने आखल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. राजधानीपण संपायला अठरा दिवस राहिले होते. पाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, सातव्या घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही झाली.

शब्द कसे पातळ झाले

संविधानात कलम ३७१ आधीपासून होतं, पण ते ‘ब’ वर्गातल्या राज्यांवर, म्हणजे जुन्या संस्थानी मुलखावर, केंद्राची देखरेख ठेवण्यासाठी. सातव्या दुरुस्तीने ‘ब’ वर्गच रद्द केला. खोली रिकामी झाली आणि तिथे नवा भाडेकरू आला. पत्ता होता भाग एकवीस: ‘अस्थायी आणि संक्रमणकालीन तरतुदी’. ‘विशेष’ हा शब्द त्या मथळ्यात पुढे, १९६२ मध्ये नागालँडच्या वेळी जोडला गेला. म्हणजे विदर्भाला दिलेलं वचन ठेवलं कुठे, तर जे काही दिवसांनी आवरून ठेवायचं असतं त्या सामानात.

पोटकलम (२) म्हणतं: राष्ट्रपतीला आदेश काढून राज्यपालावर विशेष जबाबदारी सोपवता येईल. कशाची? विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र (आणि तेव्हा सौराष्ट्र, कच्छ, उर्वरित गुजरात) यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, त्यांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे. संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन विकासखर्चाची समन्यायी वाटणी. तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि नोकऱ्यांत पुरेशी संधी.

मुलांना मी करार आणि कलम शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावतो. ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ होतं, तिथे ‘समन्यायी’ आलं. प्रमाण मोजता येतं, जनगणना काढली की झालं. समन्यायाला फूटपट्टी नाही. नोकऱ्यांतलं प्रमाण जाऊन ‘पुरेशी संधी’ आली. राज्याच्या एकूण गरजांची पळवाट करारातही होती, ती जशीच्या तशी राहिली. वार्षिक अहवाल टिकला, पण मंडळं झाली तरच. आणि सगळ्यात वर ‘करता येईल’. करारातलं क्रियापद करण्याचं होतं. इथलं मुभेचं झालं. अहेरीच्या एका मुलाने मागे वर्गात म्हटलं, ‘सर, करारात जेवायला बोलावलं अन् घटनेत म्हटलं, या कधी घरी.’ मी ते तेव्हापासून वापरतो.

मात्र हे कोणीतरी कट करून केलं, असं मला वाटत नाही. ‘विशेष जबाबदारी’ हा शब्दप्रयोगच मुळात ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातला. तेव्हा गव्हर्नरला दिलेल्या त्या अधिकारांना काँग्रेसचा इतका विरोध होता की १९३७ मध्ये निवडणुका जिंकूनही मंत्रिमंडळं बनवायला ती लगेच तयार झाली नाही. तोच अधिकार स्वतंत्र भारतात, नेमलेल्या राज्यपालाच्या हाती, निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या डोक्यावर, आणि तोही सक्तीने? आक्षेप खरा होता, आजही खरा आहे. पैशाची वाटणी हे निवडून आलेल्यांचं काम. विदर्भाचा माणूस म्हणून मला ‘करील’ हवं असतं. संविधान शिकवणारा म्हणून त्या ‘करील’मुळे राज्यपाल किती मोठा होईल याची धास्ती वाटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात आणि त्यातून मला सुटता आलेलं नाही.

एकाच कराराची तीन लेकरं

न्यायालयाचं वचन संविधानात गेलं नाही. ते साध्या कायद्यात गेलं आणि सुखात नांदलं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचं उच्च न्यायालय संपलं, मध्य प्रदेशचं जबलपूरला गेलं, आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसू लागलं. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने ते पक्कं केलं: किमान तीन न्यायमूर्ती नागपूरला बसतील, बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा आणि राजुरा इथली प्रकरणं ऐकतील. ‘बसतील’. जिल्ह्यांची नावं लिहिलेली, आकडा लिहिलेला.

अधिवेशनाचं वचन कुठेच गेलं नाही. कुठल्याही कायद्यात ते बंधन नाही. संविधानाच्या कलम १७४ प्रमाणे राज्यपाल ठरवतील त्या जागी आणि त्या वेळी विधिमंडळ भरतं. तरी १९६० पासून, काही वर्षं सोडता, हिवाळी अधिवेशन नागपुरात भरत आलंय. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे ते मुंबईला झालं. नागपूरच्या अधिवेशनाला हुरडा पार्टी म्हणून हिणवतात, आणि ‘ठरावीक काळ सरकारचा मुक्काम’ आता दोन-तीन आठवड्यांवर आलाय हे खरंच आहे. पण यशवंत स्टेडियमकडून निघणारे मोर्चे पाहिलेला माणूस त्याला निव्वळ सहल म्हणणार नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला अशाच एका मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाची ११४ माणसं मेली. मागणी काय होती? राष्ट्रपतींच्या आदेशातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे, तिचा अर्थ काय लावायचा. २०१८ मध्ये इथल्या खंडपीठाने तो गोवारींच्या बाजूने लावला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. संविधानातला शब्द हा काही नुसता वकिलांचा विरंगुळा नाही, हे सांगायला मला झिरो माइलजवळच्या त्या स्मारकाइतका दुसरा दाखला सापडत नाही.

तिसरं लेकरू पैशाचं. ते थेट संविधानात गेलं, सगळ्यात मानाच्या जागी, आणि उपाशी राहिलं ते तेच.

तेलंगणाचा अडथळा

इथवर आल्यावर मुलं लगेच निष्कर्ष काढतात: दोष ‘करता येईल’चा. मग मी त्यांना त्याच कलमाचं पोटकलम (१) वाचायला देतो. तीच सातवी दुरुस्ती, तसंच मुभेचं क्रियापद. विषय आंध्र प्रदेश विधानसभेतली तेलंगणाची प्रादेशिक समिती. तिथेही आधी पुढाऱ्यांत करार झाला होता, फेब्रुवारी १९५६ मधला सज्जनांचा करार. पण तेलंगणासाठी राष्ट्रपतींचा आदेश १९५८ मध्येच निघाला. विदर्भासाठी निघाला ९ मार्च १९९४ ला.

शब्द एक, वाट पाहणं वेगळं. म्हणजे व्याकरणाखेरीज दुसरं काही आहे. मला वाटतं ते असं: खंडपीठ एक दिवस बसलं नाही तर त्याच दिवशी शेकडो पक्षकार आणि वकील बोंब मारतील. अधिवेशन हललं तर विरोधी पक्षाला आयता मुद्दा मिळतो. पण सिंचनाचा पैसा एका वर्षी दुसरीकडे गेला, तर कोणाला कळतं? ज्याचा पाट आला नाही त्याच्याकडे तो आधीही नव्हता. न मिळालेल्याची पावती नसते. ती पावती बनवायलाच विदर्भाला तीस वर्षं लागली.

आणि विदर्भ तरी काय मागत होता? १९६२ मध्ये नागपूरने माधव श्रीहरी अणे यांना वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर लोकसभेत पाठवलं, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे यांना. ज्यांना राज्यच हवं होतं त्यांनी मंडळ मागणं म्हणजे घर मागायला गेलेल्याने पडवी घेऊन परत येण्यासारखं. जे महाराष्ट्रात रमले होते त्यांना मंडळ म्हणजे सरकारवर अविश्वास वाटायचा. कलम ३७१(२) ला कोणी वाली नव्हता, असं माझं निदान आहे. (सहकाऱ्यांना ते पटत नाही. ते मुंबईच्या लबाडीवर बोट ठेवतात.)

पावती

१९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने जी रीत वापरली ती मला अजून देखणी वाटते. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला किती पैसे लागतील ते मोजायचं. तो अनुशेष. जो वर आहे त्याचं काही वजा करायचं नाही.

आकडा निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२. हा तिसरा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात कुजबुज होते, कारण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत तो नसतो. एकक जिल्हा धरल्यामुळे कोकणासारखा मागे राहिलेला मुलूखही त्यात दिसला. नंतर अनुशेष व निर्देशांक समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती मोजली: एकूण १४,००६.७७ कोटी; विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२०. रुपयांची वाढ पाहून ‘अनुशेष चौपट झाला’ असं भाषणात म्हणतात, ते चूक. मधल्या दहा वर्षांत भाव वाढले, सरासरीही वर सरकली. बघायचा तो वाटा: विदर्भाचा ३९ वरून ४७ टक्क्यांवर गेला. उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर आला. मोजणी झाल्यावर भरपाई झाली, पण जिथे ती करून घेता आली तिथे जास्त.

दांडेकरांचा अहवाल आला त्याच वर्षी, २६ जुलै १९८४ ला, विधानसभेने मंडळं नेमावीत असा ठराव केला. त्यानंतरही दहा वर्षं गेली. १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश, मग ३० एप्रिलला राज्यपालांचा. मंडळं स्थापन झाली तेव्हा राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर होते. मंडळांचं काम मोजायचं, सुचवायचं, अहवाल द्यायचा. चेक फाडायचा नाही. डिसेंबर २००१ पासून राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कलमाला दात आले. आणि १९५६ मधला तो आक्षेप, अर्थसंकल्प कोणाचा, राज्यपालांचा की विधानसभेचा, जिवंत होऊन समोर उभा राहिला.

मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, त्या वेळी वाढ मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे इथे फक्त अर्ज. आदेश राष्ट्रपतींचा, आणि राष्ट्रपतींना तो ‘काढता येईल’.

वर्गातला खेळ

शेवटच्या तासाला मुलांना एक दुरुस्ती करायला देतो. अट अशी की कलम ३७१(२) मधला एकच शब्द किंवा एकच वाक्यांश बदलायचा. कलम ३६८ चा हिशेब आधी सांगतो: या कलमाला निम्म्या राज्यांची मान्यता लागत नाही, संसदेचं विशेष बहुमत पुरे. म्हणजे तशी फार लांबची गोष्ट नाही.

बहुतेक जण ‘करता येईल’चं ‘करील’ करतात. मग एखादा विचारतो, राष्ट्रपतीने नाहीच काढला आदेश तर त्याला कोर्टात कसं खेचणार? एकदा एकाने ‘समन्यायी’ खोडून ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ परत आणलं. नांदेडची एक मुलगी उसळली. लोकसंख्येप्रमाणे दिलं तर मागचं भरून कधी निघणार? जो मागे आहे त्याला चालू वाटा देऊन तो मागेच राहणार की. करारात आमच्यासाठी म्हणून वेगळं वाक्य होतं, ते का गाळता? तिचं बरोबर होतं. नागपूरच्या पोरांना आपल्याही मागे कोणी उभं आहे हे त्या दिवशी कळलं असावं.

गेल्या वर्षी गडचिरोलीच्या एका मुलीने क्रियापदाला हातच लावला नाही. तिने ‘संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन’ एवढं खोडलं. मी म्हटलं, अगं, कोल्हापूर-सांगलीला पूर आला तर सरकारने पैसा हलवायचा नाही का? ती म्हणाली, ‘हलवा ना. पण परत कधी देणार ते कुठं लिहिलंय, सर?’

मी तिला सांगितलं की तसं लिहायचं तर एक वाक्यांश पुरणार नाही, नवं पोटकलम लागेल, ते खेळाच्या नियमात बसत नाही. तिने मान डोलावली आणि कागद तसाच, खोडलेला, माझ्या टेबलावर ठेवून गेली.